जोखीम-पातळी निर्धारण (न्यूयॉर्क)

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती पुन्हा तसा गुन्हा करण्याची शक्यता किती आणि केलाच तर समाजाला धोका किती, हे न्यायालयाने ठरवण्याची पद्धत. अमेरिकेत राज्याराज्यांची रीत वेगळी. काही ठिकाणी गुन्ह्याच्या कलमावरूनच वर्ग ठरतो. न्यूयॉर्क राज्यात मात्र २१ जानेवारी १९९६ पासून लागू असलेल्या नोंदणी कायद्याखाली प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी होते.

कैदी सुटण्याआधी तज्ज्ञांचे एक मंडळ १५ मुद्द्यांचे गुणपत्रक भरून न्यायालयाकडे शिफारस करते. बळजबरी, शस्त्राचा धाक, पीडितांची संख्या व वय, आधीचे गुन्हे, व्यसन, तुरुंगातील वागणूक, गुन्ह्याची कबुली असे हे मुद्दे. पीडित व्यक्ती १० वर्षांची किंवा त्याहून लहान, अथवा ६३ वर्षांची वा त्याहून मोठी असेल, तर ३० गुण. अनोळखी व्यक्तीवरील अत्याचाराला २० गुण. घरातल्याच माणसाने केलेल्या अत्याचाराला या रकान्यात सहसा शून्य, हे वाचून कोणीही थबकेल. रकाना मोजतो तो आरोपीचा पुढे इतरांना असलेला धोका, झालेल्या यातना नव्हेत. एकूण ७० गुणांपर्यंत पहिली पातळी, ७५ ते १०५ दुसरी, ११० पासून तिसरी. पूर्वी लैंगिक स्वरूपाच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल किंवा पीडितेला गंभीर इजा झाली वा मृत्यू आला असेल, तर बेरीज कितीही भरो, तिसरीच पातळी गृहीत धरली जाते. हे गुण सांख्यिकी पडताळणीतून आलेले नाहीत, ही त्यावरची जुनी टीका.

बेरीज न्यायाधीशावर बंधनकारक नसते. गुणांमागच्या वस्तुस्थितीचा स्पष्ट व खात्रीलायक पुरावा सरकार पक्षाला द्यावा लागतो. गुणपत्रकात न मावणारी एखादी गोष्ट, उदाहरणार्थ उपचारांना मिळालेला असामान्य प्रतिसाद, दाखवून आरोपी खालची पातळी मागू शकतो. त्यासाठी पुराव्याचे पारडे आपल्या बाजूला झुकवले तरी पुरते, असे राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्सने २०१४ मध्ये ठरवले. (तिथले 'सुप्रीम कोर्ट' हे खालचे न्यायालय, सर्वोच्च हे, नावावर जाऊ नये.)

पहिल्या पातळीची नोंदणी साधारणतः २० वर्षे, वरच्या दोन्हींची आजन्म. त्यांतील दुसऱ्या पातळीवाल्यांना ३० वर्षांनी नोंद काढण्याचा अर्ज करता येतो. सार्वजनिक संकेतस्थळावर दुसऱ्या व तिसऱ्या पातळीचीच नावे दिसतात. तिसऱ्या पातळीवाल्याने दर ९० दिवसांनी पोलिसांपुढे हजर राहून पत्ता पटवून द्यायचा असतो.

भारतात २०१८ मध्ये सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. न्यायालयीन सुनावणीतून पातळी ठरवण्याची न्यूयॉर्कसारखी तरतूद तिच्यात नाही.