वाफ पाणी ढकलत नाही

लंडनला ऑनसाइट गेलेल्यांपैकी कुणी ब्रेंटफर्डच्या बाजूला राहिलं असेल, तर क्यू ब्रिजजवळचा विटांचा उंच मनोरा ओळखीचा असेल. जवळजवळ 200 फूट. बघणाऱ्याला ते धुराडंच वाटतं, पण नाही. 1867 सालच्या त्या मनोऱ्यात पाण्याचे उभे पाइप आहेत. ते का, हे कळायला शेजारच्या इमारतीतली इंजिनं समजून घ्यावी लागतात. या वीकेंडचा विषय तोच.

गोष्ट सुरू होते घाणीपासून. ग्रँड जंक्शन वॉटरवर्क्स ही खासगी कंपनी पश्चिम लंडनला पाणी विकायची आणि ते चेल्सीला थेम्समधून उचलायची. 1827 साली जॉन राइट नावाच्या माणसाने पत्रक छापून जाहीर केलं, की कंपनीच्या पाइपचं तोंड रॅनेला गटाराच्या तोंडाला जवळजवळ खेटून आहे. (हे पाणी लोक पैसे मोजून पीत होते, बरं का.) बोंबाबोंब झाली, पुढच्या वर्षी रॉयल कमिशन बसलं, आणि 1838 मध्ये कंपनी नदीच्या वरच्या अंगाला, क्यू ब्रिजला आली. चेल्सीचं 1820 सालचं बोल्टन अँड वॉट इंजिन सुटं करून 1840 मध्ये इथे परत उभं केलं.

आता थोडं कॉर्नवॉलला जाऊ, कारण पुढची अक्कल तिथून आली. कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या आणि कथलाच्या खोल खाणी होत्या आणि त्यात पाणी भरायचं. कोळसा मात्र तिथे निघत नाही, तो समुद्रमार्गे आणायचा. म्हणजे इंजिन किती कोळसा खातं हा जगण्यामरण्याचा प्रश्न. वॉटचं पेटंट 1800 साली संपलं आणि 1811 पासून जोएल लीन नावाच्या खाणीच्या कॅप्टनने एक मासिक अहवाल सुरू केला. कुठल्या खाणीतलं कुठलं इंजिन, इंजिनिअर कोण आणि त्याची 'ड्यूटी' किती, सगळं छापून. ड्यूटी म्हणजे एक बुशेल कोळशात, साधारण 94 पौंडांत, किती पौंड पाणी एक फूट वर चढलं. सगळ्यांचे बेंचमार्क दर महिन्याला उघड्यावर! सुरुवातीला सरासरी 2 कोटींच्याही खाली होती, 1840 च्या दशकात ती 6 कोटींच्या वर गेली. कुणी एक महान संशोधक यामागे नव्हता. ट्रेव्हिथिकने जास्त दाबाची वाफ वापरून मोठी उडी मारली हे खरं, पण बाकीची मजल एकमेकांचे आकडे बघून शेकडो माणसांनी मारली. माझ्या मते औद्योगिक क्रांतीच्या पुस्तकांत वॉटला जेवढी पानं मिळतात, त्याच्या निम्मी तरी लीनला मिळायला हवी होती.

लंडनच्या पाणी कंपन्यांना हे आकडे थापा वाटायचे. ईस्ट लंडन वॉटरवर्क्सच्या थॉमस विकस्टीडने शेवटी एक कॉर्निश इंजिन विकत घेतलं, ओल्ड फोर्डला बसवलं आणि चालवून दाखवलं. मग सगळ्यांनाच ते हवं झालं. क्यू ब्रिजला 1846 मध्ये नव्वद इंची आलं. हा सिलिंडरचा व्यास, म्हणजे साडेसात फूट. आतला दट्ट्या 11 फूट वर-खाली होतो आणि एका फेरीत 472 गॅलन, म्हणजे 2100 लिटरच्या वर पाणी जातं. 1848 मध्ये जुनं बोल्टन अँड वॉटही कॉर्निश पद्धतीवर बदलून घेतलं.

ही पद्धत मला पहिल्यांदा वाचली तेव्हा उलटीच वाटली. वाफ पाणी ढकलतच नाही. वाफ दट्ट्याला खाली दाबते, त्यामुळे तुळईचं दुसरं टोक वर जातं आणि त्याला टांगलेलं प्रचंड वजन उचललं जातं. बस्स, वाफेचं काम संपलं. मग एक झडप उघडते, वाफ दट्ट्याच्या वरून खाली जाते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि ते वजन आपल्या भाराने शांतपणे खाली येत पाणी पाइपात रेटतं. पाणी असं हप्त्याहप्त्याने येतं, आणि त्याचे धक्के पिऊन टाकायला मनोऱ्यातले उभे पाइप.

या इंजिनाला ना चाक, ना क्रँक. म्हणजे फेरी कुठे संपायची हे ठरवणारा लोखंडी नियम नाही! वाफ जास्त झाली तर दट्ट्या ठरलेल्या जागेच्या पुढे जाणार. बाहेर रस्त्यात पाइप फुटला तर पाण्याचा विरोधच गेला, आणि कित्येक टनांचं वजन धाडकन खाली. दोन फेऱ्यांमधलं अंतर 'कॅटरॅक्ट' नावाचं उपकरण ठरवतं: बारीक तोंडातून पाणी झिरपतं, ते झिरपून झालं की झडपांचा खटका सुटतो. पाण्यावर चालणारा टायमरच. पण तो लावायचा आणि वाफ जुळवायची ती माणसाने.

हे इतकं सुरेख यंत्र काय उपसत होतं, हा प्रश्न वेगळाच. क्यूलासुद्धा भरतीचं पाणी पोचतं, म्हणजे शहराची घाण परत येणारच. 1852 च्या कायद्याने कंपन्यांना टेडिंग्टनच्या वर जायला लावलं आणि 1855 मध्ये ग्रँड जंक्शन पाणी हॅम्प्टनहून घेऊ लागली. मधल्या काळात, 1854 च्या कॉलऱ्यात, डॉ. जॉन स्नो यांनी दुसऱ्या दोन कंपन्यांचे आकडे मांडले. पहिल्या सात आठवड्यांत दर 10 हजार घरांमागे मृत्यू: शहरातच पाणी उचलणाऱ्या कंपनीकडे 315, वर सरकलेल्या कंपनीकडे 37. पंप दोघींकडेही चालूच होते.

क्यूची इंजिनं 1944 पर्यंत वाफेवर चालली. तेव्हा मालक असलेल्या मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्डाने ती मोडीत न काढता पुढेमागे संग्रहालय करू म्हणून ठेवून दिली, आणि 1973 मध्ये एक ट्रस्ट उभा राहिला. स्वयंसेवकांनी 1975 मध्ये बोल्टन अँड वॉट आणि 1976 मध्ये नव्वद इंची परत वाफेवर आणलं.

पण परत आणलं म्हणजे कुठल्या व्हर्जनला? 1820 च्या की 1848 च्या? त्यांनी शेवटी कामावर असलेलं रूप ठेवलं, आणि मला ते पटतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चालवलं की झिजतं, आणि दर बदललेल्या भागाबरोबर अस्सल लोखंड कमी होतं. हॉलंडमध्ये हार्लेमचं सरोवर उपसणारं 1849 चं क्रूकियस इंजिन आहे, नव्वद इंचीपेक्षाही खूप मोठं. त्याचे बॉयलर गेले, त्यामुळे ते हायड्रॉलिक्सवर हलवून दाखवतात. दिसायला तीच हालचाल. पण तिथे वाफ कधी तोडायची हे कुणाला शिकावं लागत नाही, आणि मला हरवायला नको आहे ते नेमकं तेवढंच. लोखंड नवीन ओतता येतं.

मी क्यूला गेलो तेव्हा शेजारचं शंभर इंची, 1869 चं, थंड उभं होतं. नव्वद इंची सुरू होत होतं. पहिल्या काही फेऱ्या चालकाने हातानेच झडपा उघडून काढल्या, नजर सतत दट्ट्या कुठवर येतोय त्यावर. जुळल्यासारखं वाटल्यावर त्याने कॅटरॅक्ट जोडलं, पण हात काही लगेच दांड्यावरून काढला नाही.