पणजोबा पर्शियात गेले

आमच्या घरात पणजोबांविषयी दोनच गोष्टी सांगितल्या जात. एक, ते बोटीवर सारंग होते. आणि दोन, ते पर्शियात गेले.

आता 'गेले' म्हणजे काय, हे कोण सांगतंय त्यावर अवलंबून. दादी म्हणायची, गेले म्हणजे बुडाले, वारले. गावातली माणसं म्हणत, गेले ते तिकडेच राहिले, दुसरं घर केलं. दाभोळ खाडीच्या काठच्या गावात ही काही अगदीच अशक्य कोटीतली गोष्ट नव्हती. बसऱ्याला, बंदर अब्बासला जाणारी माणसं होतीच, आणि त्यातली सगळीच परत यायची असंही नाही.

पण या एका शब्दावर एका बाईचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. पणजी तेव्हा विशीतली, आजोबा चार वर्षांचे. शेजारच्या गावातला कोणी खलाशी येऊन निरोप सांगून गेला आणि पणजी इद्दतीला बसली. नवरा वारला की चार महिने दहा दिवस पाळायची ती इद्दत. मय्यत नाही, कबर नाही, कागद नाही. गाव म्हणालं, जिवंत नवऱ्याची इद्दत पाळतेय! हे वाक्य दादीने तिच्या सासूकडून ऐकलं होतं, आणि मी दादीकडून. तीन पिढ्या ते घरात होतं.

शोधायचं ठरवल्यावर साहजिकच आधी नौदलाकडे वळलो, कारण चुलत्यांच्या मते पणजोबा 'नेव्हीत' होते. (आमच्याकडे पँट घालून समुद्रावर जाणारा प्रत्येकजण नेव्हीत असतो.) तेव्हा तिचं नाव रॉयल इंडियन मरीन होतं, रॉयल इंडियन नेव्ही ती १९३४ साली झाली. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे मरीन डिपार्टमेंटचे जुने खंड आहेत. मी चाळले त्यांत अधिकाऱ्यांच्या रजा, बढत्या, तक्रारी सगळं तपशीलवार. खलाशी मात्र भेटतो तो आकड्यात, इतके भरती केले, इतके कमी केले, बस्स.

व्यापारी बोटींचं उलट आहे. तिथे प्रत्येक सफरीला खलाशांचा करारनामा व्हायचा आणि त्यात नाव, वय, गाव, हुद्दा, आधीची बोट असं सगळं लिहून घेत. पण ब्रिटिशांनी हे कागद नंतर कसे वाटून टाकले ते ऐका! १८६० नंतरच्या याद्यांपैकी दहा टक्के नमुना म्हणून लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये, पाचाने संपणारी वर्षं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात, आणि उरलेला बहुतेक ढीग थेट कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात. म्हणजे तुमचा पूर्वज १९१५ साली बोटीवर असेल तर ग्रिनिच, १९१६ साली असेल तर बहुधा कॅनडा. असो.

अडचण नावाची होती. पणजोबांचं नाव इथे देत नाही, नातेवाइकांना ठाऊकच आहे. नुसतं नाव आणि 'वलद' लावून बापाचं नाव, आडनावाचा पत्ता नाही. ते इंग्रज कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलेलं. त्या नावाची माणसं कोकणात प्रत्येक गावात चार!

नावाने काही होईना, तेव्हा दादीच्या शब्दाकडे परत गेलो. दादी त्या देशाला कधीच पर्शिया म्हणत नसे. ती इराण म्हणायची, नाहीतर बसरा. तिच्यासाठी ते सगळं एकच. मग फक्त याच एका गोष्टीत 'पर्शिया' हा इंग्रजी शब्द आला कुठून?

याचं उत्तर मिळालं ते दागिन्यांच्या एका लेखात. पी अँड ओ कंपनीची 'पर्शिया' नावाची आगबोट होती, १९०० साली बांधलेली, जवळजवळ आठ हजार टनांची. डिसेंबर १९१५ मध्ये ती लंडनहून मुंबईला निघाली. ३० डिसेंबरला दुपारी क्रीट बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडी यू-३८ ने कसलीही सूचना न देता तिच्यावर टॉर्पेडो सोडला. पाच-दहा मिनिटांत बोट गेली. ५१९ माणसांपैकी ३४३ बुडाली. कपूरथळ्याच्या महाराजांचं जडजवाहीर तिच्यावर होतं आणि २००३ साली सुमारे तीन किलोमीटर खोलीवरून त्यातलं काही वर काढलं, म्हणून तो लेख. लॉर्ड माँटेग्यू कसे वाचले, त्यांची सेक्रेटरी कशी बुडाली, अमेरिकेचा एडनला निघालेला वकील कसा गेला, सगळं होतं. खलाशांबद्दल एक ओळ.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी संगणकावर बघता येते. मुंबईच्या खलाशी वसतिगृहात पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचं. या वेळी नाव टाकलंच नाही, फक्त स्मारक आणि तारीख टाकली. ओळीने नावं आली. जवळजवळ सगळी आपलीच वाटावीत अशी. एका ओळीत पणजोबांचं नाव, बापाचं नाव, जिल्हा रत्नागिरी. हुद्दा: भंडारी.

कोकणातल्या माणसाला भंडारी म्हटलं की जात आठवते. बोटीवर भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. सारंग हा मुकादम, त्याच्याखाली तांडेल, मग खलाशी, आणि या सगळ्यांना जेवू घालणारा भंडारी. आपलेच शब्द इंग्रजी स्पेलिंगात वाचताना गंमत वाटते.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही, हे मलाही कळतं. पण आणखी दोन गोष्टी आहेत. दादी सांगायची की ते सफरच्या महिन्यात गेले, म्हणून त्या महिन्यात त्यांची फातिहा होई. ३० डिसेंबर १९१५ ला हिजरी १३३४ चा सफर महिनाच चालू होता, पंचांग लावून बघितलं. आणि दुसरी, दादी हसत सांगायची ती, की घरी आले की हे चुलीपाशी बसायचे, पणजीला उठवून स्वतः कालवण करायचे, आणि आळीतल्या बायका बघायला यायच्या. सारंगाने असं का करावं हे कोणाला कळत नसे. भंडाऱ्याने केलं तर त्यात नवल ते काय!

निरोप आणणारा खलाशी बहुधा म्हणाला असेल, 'पर्शिया बुडाली.' ऐकणाऱ्यांनी तो देश समजला. एवढ्या एका विभक्तीने बोटीचा मुलूख झाला आणि बुडालेला माणूस तिथे संसार करू लागला. पणजीला मात्र त्या खलाशाचं म्हणणं नीट कळलं असावं. ती इद्दतीला बसली ती कोणाला न विचारता.

सगळे कागद छापून गावी चुलत्यांकडे पाठवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले म्हणे. रात्री फोन आला. आवाज जरा जड होता. आईच्या सासूचं नाव घेऊन म्हणाले, "बरं झालं रे." मग थोडा वेळ गप्प. आणि मग, "पण भंडारी? सारंग नाही? तू नीट बघितलंस ना?"