बरणीतला कोळी

मंडळी, आज सुरुवातीलाच एक घोळ निस्तरायला हवा. कळव्यात उभं राहून ‘कोळी’ म्हटलं की माणसाला आधी खाडी आठवते, होडी आठवते, वाळत घातलेली जाळी आठवतात. आजचा कोळी तो नाही. आणि घराच्या कोपऱ्यात जाळं विणणाराही नाही. हा जाळं टाकतच नाही. जमिनीतल्या बिळाच्या नाहीतर झाडाच्या ढोलीच्या तोंडाशी बसायचं, पायाखालच्या मातीतून, रेशमातून येणारी थरथर टिपायची आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालायची, असा याचा खाक्या. टॅरँटुला.

नाव इटलीतल्या तारांतो गावावरून आलं. तिथे हा कोळी चावला तर नाचून नाचून विष उतरवतात, अशी समजूत होती. गंमत म्हणजे तो तारांतोचा कोळी वेगळ्याच कुळातला. युरोपातले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना तळहाताएवढे केसाळ कोळी दिसले, आणि घरून आणलेलं नाव त्यांनी यांना चिकटवून टाकलं. म्हणजे नावापासूनच गैरसमज.

या विषयात आम्ही कसे शिरलो तेही सांगतो. आम्ही कॉलेजात होतो. पावसाळ्याच्या तोंडावर पारसिकच्या उतारावर दगड उलटवताना एक केसाळ कोळी सापडला. लोणच्याची रिकामी बरणी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, तळाशी मूठभर माती. घरी सांगितलं, बेडूक आहे. रोज एक झुरळ टाकायचं, रात्रीत ते गायब व्हायचं. काही आठवड्यांनी कोळ्यानं खाणं सोडलं. आम्ही काळजीनं आणखी झुरळं टाकली. ती बरणीत आरामात फिरत राहिली. मग एका सकाळी बघतो तर कोळी उताणा, आठही पाय वर. मेला, असं आम्ही ठरवलं आणि बरणी गटारात उपडी केली.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की टॅरँटुला कात टाकतो तेव्हा उताणा होतो. त्याआधी कितीतरी दिवस, कधी आठवडेसुद्धा, तो खात नाही. मरणारा कोळी असा पडत नाही. त्याच्या पायांचे मोठे सांधे मिटायला स्नायू आहेत, पण उघडायला नाहीत. पाय उघडतात ते आतल्या द्रवाच्या दाबानं. जीव गेला की दाब जातो आणि पाय अंगाखाली मुडपतात. आणि कात टाकताना त्याचं अंग इतकं मऊ असतं की बरणीतलं झुरळसुद्धा त्याला कुरतडू शकतं. म्हणजे प्रत्येक खूण आमच्या डोळ्यांसमोर होती आणि प्रत्येक खुणेचा आम्ही उलटा अर्थ लावला. ते अजून बोचतं. पण इतिहास चाळायला लागलो तेव्हा दिसलं की या चुकीत आम्हाला सोबत बरीच मोठी आहे.

मारिया सिबिला मेरियान ही जर्मन चित्रकर्ती. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. कशासाठी, तर किडे जिवंत बघून, पाळून, त्यांची वाढ चितारायला. १७०५ मध्ये तिचं पुस्तक ॲमस्टरडॅमला निघालं. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर एक भलाथोरला कोळी छोट्या पक्ष्यावर बसलेला आहे. लिनियसनं १७५८ मध्ये त्या जातीच्या नावातच पक्षी घातला. पुढे मात्र पंडितांनी नाकं मुरडली: कोळी कुठे पक्षी खातो का, बाईंनी ऐकीव गोष्ट रंगवली. ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढलेल्या हेन्री वॉल्टर बेट्सनं १८६३ च्या पुस्तकात लिहिलं की आपण स्वतः असा कोळी दोन लहान पक्ष्यांजवळ पाहिला, एक मेलेला, दुसरा मरायला टेकलेला. त्याच बेट्सनं आणखी एक दृश्य नोंदवलंय. तिथल्या आदिवासी घरातली पोरं एका मोठ्या कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखं घरभर फिरवत होती. टॅरँटुला पाळण्याची गोष्ट सांगताना आम्ही सुरुवात या पोरांपासून करतो. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की याला घाबरायचं असतं.

आता आपल्या देशात येऊ. १८७० च्या दशकात आसामातून एक मोठा कोळी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमपर्यंत पोहोचला. तो आवाज काढतो, अशी खबर होती. तिथल्या जेम्स वुड-मेसननं तपासलं तेव्हा जबडा आणि त्याच्या शेजारचा आखूड पाय यांच्यामध्ये, एकमेकांवर घासतील अशी, कंगव्यासारखी रचना सापडली. कोळी चिडला की पुढचे पाय उचलून उभा राहतो आणि ती घासून खरखर करतो. का करत असेल? डार्विनचा जमाना होता, त्यामुळे पहिला अंदाज असा की नर मादीला बोलावत असेल, रातकिड्यासारखा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या आर. आय. पोकॉकनं हे खोडून काढलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. हे वाद्य नराला आहे, मादीला आहे, पिल्लांनाही आहे, मग प्रणयाचा संबंध काय? हा इशारा आहे. नाग फणा काढतो, तसं हे: लांब राहा.

हे आज पाळणाऱ्यानंही लक्षात ठेवावं. पुढचे पाय वर करून उभा राहिलेला कोळी हल्ल्याला निघालेला नसतो, तुम्ही मागे व्हावं म्हणून तो तसा उभा असतो.

हा पोकॉक मुंबईशी फार जवळून जोडलेला माणूस. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. तिचे सभासद, म्हणजे जंगल खात्यातले, रेल्वेतले, व्यापारातले साहेब लोक, जे सापडेल ते बाटलीत घालून लंडनला धाडत, आणि पोकॉक त्यांना नावं देई. सोसायटीच्या नियतकालिकात त्यानं भारतातल्या या मोठ्या कोळ्यांवर लिहिलं, १९०० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चा कोळी-विंचवांचा खंड लिहिला. एका टॅरँटुलाला त्यानं सोसायटीच्या डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचं नाव दिलं. हेच ते मिलार्ड, ज्यांच्यापुढे १९०८ च्या सुमारास लहानगा सलीम अली मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला होता.

पण बाटलीत येणाऱ्या कोळ्याची एक अडचण असते. तो कुठे आणि कसा राहत होता, ते बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीपलीकडे कळत नाही. १८९९ मध्ये पोकॉकनं एका निळ्या कोळ्याचं वर्णन केलं, पोइसिलोथेरिया मेटॅलिका. चिठ्ठीवर गाव होतं गुत्ती, आंध्रातलं. आपल्या पारसिकच्या डोंगरातून कल्याणकडे जाणारी जी लाईन आहे, ती पुढे सोलापूर, रायचूर, गुंटकल करत मद्रासला जाते, त्या वाटेवर गुत्ती लागतं. कोळी सापडला होता रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. म्हणजे बहुधा लाकडाबरोबर गाडीनं आलेला प्रवासी! पुढची शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला तो गुत्तीहून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळच्या बाजूच्या जंगलात, जुन्या झाडांच्या ढोल्यांमध्ये.

आणि मग जे झालं ते फार भराभर झालं. तोवर युरोप-अमेरिकेत टॅरँटुला पाळण्याचा छंद चांगला रुजला होता. त्याला पाया होता अभ्यासाचा. आर्कान्सा विद्यापीठातल्या डब्ल्यू. जे. बर्ग यांनी कित्येक वर्षं टॅरँटुला पाळले, स्वतःला चावून घेतलं, आणि तिथल्या जातीचा चावा टाचणी टोचल्यासारखाच असतो हे दाखवून दिलं. १९५८ मध्ये त्यांचं ‘द टॅरँटुला’ हे पुस्तक आलं. तिथल्या मादीचं आयुष्य वीस वर्षांच्या वर जातं, नराला वयात यायलाच दहाएक वर्षं लागतात आणि त्यानंतर तो फार टिकत नाही, हे पाळल्याशिवाय कळलं नसतं. पण छंदाचा बाजार झाला. मेक्सिकोतला लाल गुडघ्यांचा शांत टॅरँटुला इतका उचलला गेला की १९८५ मध्ये त्याला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घालावं लागलं. मग निळ्या कोळ्याची पाळी. नंद्याळचं जंगल कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या लोकांच्या घरी तो काचेच्या पेटीत वाढू लागला. २००८ मध्ये आययूसीएननं त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं, आणि २०१९ मध्ये पोइसिलोथेरियाची सगळी प्रजाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली.

उलट दिशेचीही वाहतूक आहे. २०२१ च्या जुलैत चेन्नईच्या टपाल कचेरीत कस्टम्सनं पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत छोट्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत टॅरँटुला. परत पाठवले.

आम्हाला इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावीशी वाटते. पाळणाऱ्यांना नुसतं चोर म्हणून चालत नाही. कात, वीण, पिल्लांची वाढ, यातलं कितीतरी त्यांनीच रात्री जागून टिपलंय. आमच्या चुकीचं उत्तरही अशाच एका पुस्तकात मिळालं. पण पेटीत काही प्रश्न विचारताच येत नाहीत. हा कोळी कोणत्या झाडाच्या ढोलीत राहतो, ते झाड तोडलं तर कुठे जातो, पावसाळ्यात नर किती लांब भटकतो? त्याला माणसाची माया लागत नाही, हातावर घेतल्यानं तो माणसाळत नाही. फार तर पळून जात नाही, एवढंच. उंचावरून पडला तर पोट फुटून मरतो. अमेरिका खंडातल्या बऱ्याच जाती पोटावरचे खाजरे केस उडवून शत्रूला पळवतात. आपल्याकडच्यांना ते हत्यार नाही, म्हणून ते चटकन पळतात नाहीतर चावतात. पोइसिलोथेरियाच्या चाव्यानं स्नायूंत जे गोळे येतात ते कधी कधी काही दिवसांनी पुन्हा उलटतात. हौसेनं हातावर घेण्याजोगा हा प्राणी नाही.

आणि आपल्या उशाखालचं काय? २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि हर्षल भोसले यांनी पश्चिम घाटातल्या टॅरँटुलांवर निबंध प्रसिद्ध केला. पाच नव्या जाती. एक आंबोलीची. आणि एक, हेटरोफ्रिक्टस आरेयेन्सिस, गोरेगावच्या आरे कॉलनीतली! जिथून मुंबईला दूध जायचं, तिथे हा कोळी जमिनीत राहत होता आणि त्याला नाव नव्हतं. लंडनच्या बाटल्यांपासून इथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय उद्यानातून काहीच उचलता येत नाही, येऊरच्या बाजूनं शिरलात तरी नाही. वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी त्यात स्वतंत्र अनुसूची आली, आणि असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्यासाठी नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले.

गेल्या पावसाळ्यात व्याख्यानानंतर एक शाळकरी मुलगा थांबला. पिशवीत प्लॅस्टिकची बरणी, बरणीत केसाळ कोळी. झाकणाला भोकं, तळाशी माती. आम्हाला क्षणभर बोलताच येईना.

“काका, हा दोन दिवस खात नाहीये.”

कुठे सापडला विचारलं. घरामागे, डोंगराच्या बाजूला, एका बिळापाशी. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. बरणी बिळाच्या तोंडाशी आडवी ठेवली, झाकण काढलं आणि मागे सरून बसलो. दहा मिनिटं काही नाही. मग दोन पाय बाहेर आले, मातीवर टेकले, थांबले.

“मग आता बघायचं कसं?” त्यानं विचारलं.

आम्ही त्याला टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन लावायला सांगितलं. रोज रात्री एकाच वेळी यायचं, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, पाय हळू टाकायचे, चार हातांवर थांबायचं, आणि वहीत तारीख, पाऊस आणि कोळी दारात आहे की नाही एवढंच लिहायचं. बिळाचं तोंड रेशमानं बंद दिसलं तर काडी घालायची नाही, आत कात चालू असेल.

वही त्यानं मागच्या महिन्यात आणून दाखवली. एकोणीस रात्री ‘दारात’, सहा रात्री ‘नाही’. मग सलग बावीस रात्री ‘दार बंद’. आणि तेविसाव्या रात्रीपुढे लिहिलंय: ‘दारात. मोठा झालाय. बाहेर जुनी कात टाकलेली.’