कसारा घाटातला तांबडा थर

विहिरी खणणं हा आमच्या घरचा धंदा. सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबक या तालुक्यांत यारी लावून काम केलं की जमिनीचा क्रम तोंडपाठ होतो. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा फत्तर. फत्तर फोडता फोडता मध्येच भाजल्या विटेच्या रंगाचा थर लागतो, कुठं वीतभर, कुठं हातभर. भिजला की तो फुगतो, ढासळतो, म्हणून तेवढ्या भागाला बांधकाम करून घ्यावं लागतं. वडील त्याला गेरू म्हणत. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना डोंगराच्या कापात हाच थर उघड्यावर दिसतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला. आज त्या खडकानं पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकलेला आहे. एक लोट थिजून दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात ऊन-पावसानं दगडाची माती झाली. पुढच्या लोटानं ती भाजली. म्हणजे काळा फत्तर ही लाव्हाच्या धावण्याची खूण आणि तांबडा थर ही त्याच्या थांबण्याची. माझ्या लेखी या घाटातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण डायनासोर कशानं संपले या जगभरच्या वादातले काही महत्त्वाचे पुरावे अशाच मातीतून निघाले.

वाद पेटला 1980 साली. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह, इटलीतल्या गुब्बिओच्या चिकणमातीत इरिडियम हा जमिनीवर दुर्मीळ असलेला धातू नेहमीच्या सुमारे तीसपट दाखवला. त्यावरून त्यांनी मांडलं की सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला, धुळीनं सूर्य झाकला आणि वनस्पतींची उपासमार झाली. मेक्सिकोतलं चिक्शुलुब विवर हेच त्या धडकेचं ठिकाण असल्याचं 1991 मध्ये मांडलं गेलं. दुसऱ्या बाजूला ड्यूई मॅक्लीन, व्हिन्सेंट कूर्तियो आणि पुढे गेर्टा केलर यांनी बोट दाखवलं ते आपल्या या लाव्हाच्या पठाराकडे. त्यांचं म्हणणं, इतका लाव्हा निघाला तर त्याबरोबर गंधकाचे आणि कार्बनचे वायू किती निघाले असतील! त्या वायूंची खूण इथं हाताला लागते. नाशिकच्या खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे देखणे स्फटिक ज्या पोकळ्यांत वाढले, त्यांतल्या कितीतरी म्हणजे लाव्हातले बुडबुडे.

भांडण शेवटी तारखेवर आलं. लाव्हा धडकेच्या आधी किती आणि नंतर किती? तांबड्या थरांमध्ये दूरच्या ज्वालामुखींची राख वाऱ्यानं येऊन पडली होती. त्या राखेत झिरकॉन या खनिजाचे कण असतात, केसाच्या जाडीएवढे बारीक. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, ते संथपणे शिशात बदलत जातं, म्हणून कण स्वतःचं वय सांगतो. ब्लेअर शोएन यांच्या गटानं असे कण घाटातून वेचले. त्या गटात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते. 2015 मध्ये त्यांनी दाखवलं की मुख्य लाव्हा धडकेच्या अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांत आटोपला. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन लेख आले. शोएन म्हणाले, उद्रेकाचे चार मोठे हप्ते होते, त्यांतला एक धडकेच्या जेमतेम काही दशसहस्र वर्षं आधीचा. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटानं आर्गॉनच्या पद्धतीनं खुद्द लाव्हाचीच वयं काढली. त्या म्हणाल्या, ठळक हप्ते दिसत नाहीत आणि सुमारे पाऊण लाव्हा धडकेनंतरचा. त्या गटात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे. महाराष्ट्राच्या दोन संस्थांतली माणसं या वादाच्या दोन बाजूंना आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

अल्वारेझ यांच्या त्या धुळीचं काय झालं? 2002 मध्ये केविन पोप यांनी मांडलं की एवढी बारीक धूळ उडालीच नसावी, मग काजळी आणि गंधकाकडे लक्ष गेलं. 2023 मध्ये बेल्जियमच्या जेम सेनेल यांच्या गटानं उत्तर डकोटातले सूक्ष्म कण मोजून गणित मांडलं. त्यानुसार धूळ पंधरा वर्षांपर्यंत हवेत राहिली असावी आणि प्रकाशसंश्लेषण जवळजवळ दोन वर्षं बंद पडलं असावं. मला हे पटतं. लाव्हानं हवा बिघडवली असेल, पण दोन वर्षांत अन्नसाखळी तोडायला अंधारच लागतो.

आपल्या घाटातले थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत, म्हणून सर्वांत खालचे जव्हार आणि इगतपुरी समूह इकडे उघडे पडले आणि वरचे महाबळेश्वरला. इगतपुरीचा फत्तर धडकेच्या आधीचा, याबद्दल दोन्ही गटांचं एकमत आहे. म्हणजे तो लाव्हा वाहिला तेव्हा डायनासोर अजून जगत होते. धडकेचा क्षण मात्र त्याच्या वर, नेमका कोणत्या दोन लोटांच्या मध्ये बसतो, याची दोन गटांची उत्तरं अजून वेगळी आहेत.