खाणींतील पावसाळी पाण्याचा निचरा (गोव्याच्या लोहखाणी)

उघड्या खाणीवर, तिच्या रस्त्यांवर आणि टाकाऊ मातीच्या डंपांवर पडलेले पाणी गाळ मागे ठेवून ओढ्यानदीत सोडण्याची व्यवस्था. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांतील लोहखाणींना तिची निकड विशेष भासते. तेथे वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो. शिवाय एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागतो. त्याचे डंप उतारावर उभे राहतात आणि पायथ्याशी भातशेती असते. डंपावरून आलेला लाल गाळ खाचरात बसला, की सुकल्यावर त्याचा कडक थर होतो.

पहिला नियम असा, की वरच्या डोंगरातून येणारे स्वच्छ पाणी खाणीत शिरूच द्यायचे नाही. ते माथ्यावर चर खणून बाजूने वळवायचे. मग डंपाभोवती वेढा घालणारे गटार (गारलँड ड्रेन), पायथ्याला दगडी संरक्षक भिंत आणि शेवटी गाळ बसण्याचे तलाव, अशी साखळी असते. पर्यावरण मंजुरीच्या नेहमीच्या अटींत या सर्वांचा उल्लेख येतो. पाणी साठवणाऱ्या खड्ड्याची क्षमता ५० वर्षांच्या नोंदींतील अचानक येणाऱ्या कमाल पावसावर आणखी ५० टक्के राखीव धरून ठरवावी, असेही त्यांत म्हटलेले असते. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याखालील कोळसा खाणींचे नियम गाळ-तलावासाठी दहा वर्षांतून एकदा येणारा २४ तासांचा पाऊस धरतात.

प्रवाहाचे गणित सोपे आहे. तासाला ६० मिमी. पाऊस, १० हेक्टरचा डंप आणि त्यातले साठ टक्के पाणी वाहून जाणारे, असे धरले तर सेकंदाला एक घनमीटर पाणी येते. एवढे पाणी वाहून नेणारे गटार बांधणे कठीण नाही. कठीण असते ते त्यातली माती खाली बसवणे. २० मायक्रॉनचा कण बसायला या प्रवाहासाठी सुमारे अडीच हजार चौरस मीटरचा तलाव लागतो. मात्र बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने २ मायक्रॉनच्या चिकणमातीला त्याच्या शंभरपट, म्हणजे डंपाहूनही मोठा तलाव लागेल. तेव्हा बारीक मातीचा बंदोबस्त तलावाने होत नाही, हे आराखडा करणाऱ्याने आधीच मान्य केलेले बरे. ती जागेवरच धरावी लागते. उरलेल्या पाण्यात तुरटीसारखे साकळवणारे द्रव्य घालावे लागते.

जागेवर धरणे म्हणजे डंपाला पायऱ्या पाडणे, प्रत्येक पायरी आतल्या बाजूला कलती ठेवणे, पाणी दगडी घसरणीवरून उतरवणे आणि एकूण उतार २८ अंशांवर न जाऊ देणे. त्यावर काथ्याच्या जाळ्या, वाळा व इतर गवत लावतात. गोव्याच्या जुन्या डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर लावली गेली. ती लवकर वाढते. पण पावसाचा मारा जमिनीलगतचे गवत अडवते, तितका नुसती झाडे अडवत नाहीत. वरची सुपीक माती वेगळी राखून पुन्हा पसरणे हाही पुनर्वसनाचाच भाग. खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ नुसार टप्प्याटप्प्याने आणि अखेरीस खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो, आर्थिक हमीही भरावी लागते.

व्यवहारात घोटाळा होतो तो देखभालीत. तलाव मे महिन्यात उपसला नाही, तर पहिल्या मोठ्या सरीतच भरतो आणि नंतरचे पाणी जसेच्या तसे पुढे जाते. खाण बंद पडली, तरी डंपावरचा पाऊस थांबत नाही. गोव्यात २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणकाम थांबले. डंप, गटारे आणि तलाव मात्र जागेवरच राहिले. उपसा थांबला, की भूजलपातळीखाली गेलेले खड्डे पाण्याने भरतात. अशा खड्ड्याची कड डंपाच्या मातीची असेल, तर ती फुटण्याचा धोका असतो. म्हणून खड्डा भरून काठावरून वाहण्याआधी जादा पाणी बाहेर काढणारा पक्का सांडवा खाण बंद करण्याच्या आराखड्यातच आखावा लागतो, आणि त्याची देखभाल कोणी करायची हेही तिथेच लिहून ठेवावे लागते.