पत्र्यावरची रेघ : आखणीच्या हत्यारांचा इतिहास

पत्र्याचा एखादा तयार डबा किंवा नरसाळे हातात घ्या आणि त्यावर आखणीची रेघ शोधा. बहुधा ती सापडणार नाही. कात्री चालते ती रेघेवरूनच. जी रेघ उरते ती दुमडीच्या आत जाते किंवा घासून निघते. धातुकामाच्या इतिहासात भट्टी, हातोडा आणि ऐरण यांची चर्चा भरपूर होते, पण आखणीची हत्यारे मागे राहतात ती यामुळेच. या पाठात आपण त्यांचा विचार करणार आहोत. ‘भूमिती’ विद्वानांची आणि ‘हातकौशल्य’ कारागिरांचे, अशी जी वाटणी आपण सहज गृहीत धरतो, ती कितपत खरी आहे हे येथे तपासता येते.

हत्यारे मोजकीच आहेत : पोलादी पट्टी, गुण्या, कठीण टोकाचा स्क्रायबर, दोन्ही पाय अणकुचीदार असलेला परकार म्हणजे डिव्हायडर, मोठ्या वर्तुळासाठी दांडीवर सरकणाऱ्या दोन टोकांचा ट्रॅमल, आणि पंच. पंचाने आधी बारीक खळगा पाडावा लागतो, नाहीतर गुळगुळीत पत्र्यावर परकाराचा पाय घसरतो. चकचकीत पोलादावर ओरखडा नीट दिसत नाही. म्हणून मोरचुदाचे द्रावण लावतात. तांब्याचा पातळ लालसर थर बसतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ उठून दिसते.

आता एक छोटे गणित करून पाहा. १४ सेंटिमीटर व्यासाचा डबा करायचा असेल तर त्याच्या भिंतीसाठी २२/७ × १४, म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर लांबीची आयताकृती पट्टी लागेल. शिवाय सांध्यासाठी वाढीव पत्रा ठेवावा लागेल. त्याच व्यासाचा शंकू हवा असेल आणि त्याची तिरकी उंची २१ सेंटिमीटर असेल, तर २१ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा १२०° चा तुकडा कापायचा. त्याच्या कमानीची लांबीही ४४ सेंटिमीटरच भरते. वस्तू अजून तयार झालेली नाही, पण तिचा उलगडा सपाट पत्र्यावर आधीच काढता आला. पत्राकामातील खरे ज्ञान इथे आहे. सांध्यासाठी पत्रा सोडायला विसरलात तर मात्र सगळा तुकडा वाया!

असे उलगडे छापील पुस्तकात आणण्याचे मोठे श्रेय आल्ब्रेख्त ड्यूरर याला जाते. सोनाराचा हा मुलगा स्वतःही आधी वडिलांच्या हाताखाली तेच काम शिकला होता. १५२५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याने परकार आणि पट्टीने मोजणी कशी करावी यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात घनाकृतींचे पृष्ठभाग सपाट उलगडून दाखवलेले आहेत. पुस्तक लॅटिनमध्ये नव्हे तर जर्मनमध्ये होते, ही गोष्ट मला आकृत्यांइतकीच महत्त्वाची वाटते. लॅटिन न येणारा कारागीर त्याच्या डोळ्यांसमोर होता.

अठराव्या शतकात हा विषय गणितज्ञांच्या हाती गेला. कोणते पृष्ठभाग सपाट उलगडता येतात, हा प्रश्न ऑयलरने १७७२ मध्ये हाताळला. फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने वस्तूची दोन दिशांनी चित्रे काढून तिची खरी मापे मिळवण्याची पद्धत बसवली. मेझिएर येथील लष्करी शाळेत ती गुपित म्हणून जपली गेली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये मोंजने ती जाहीरपणे शिकवली. तटबंदीच्या बांधकामासाठी सुरू झालेली ही पद्धत पुढे तांत्रिक शाळांतून पसरली. तुमच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाचे मूळ तिथे आहे.

मग १८२७ मध्ये गाउसने या प्रश्नाची एक सीमा दाखवली : गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय सपाट करता येत नाही. डबा, नरसाळे, नळी यांचा नेमका उलगडा आखता येतो. लोटा किंवा हंडा यांचा येत नाही.

पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरे पितळ-तांब्याची भांडी घडवतात. २०१४ मध्ये युनेस्कोने त्यांच्या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडी जाते. पुण्याच्या तांबट आळीतही तांबे ठोकूनच भांडी घडवण्याची परंपरा आहे. सपाट चकतीला खोलगट रूप द्यायचे तर धातू एके ठिकाणी ताणावा आणि दुसऱ्या ठिकाणी आवळावा लागतो. ठोकून कडक झाला की पुन्हा तापवून मऊ करावा लागतो. गाउसच्या सिद्धांतात ज्या ताणण्या-दाबण्याला बंदी आहे, तेच हे काम. या कारागिराकडे उलगड्याचे चित्र नसते, कारण तसे नेमके चित्र असूच शकत नाही. त्याला ‘अडाणी पण हाताचा कुशल’ ठरवणाऱ्या लेखनाकडे तुम्ही या दृष्टीने संशयाने पाहिले पाहिजे.

दुसऱ्या बाजूला, लाटलेला आणि कथिल किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा एकोणिसाव्या शतकात स्वस्त झाला आणि आखून, कापून, दुमडून वस्तू करण्याचे काम वाढले. भारतात रॉकेलचे रिकामे डबे उलगडून त्यांचे दिवे, मापे आणि पेट्या बनू लागल्या. हत्यारेही कारखान्यात तयार होऊ लागली. अमेरिकेतील लॅरॉय स्टॅरेट याने १८७९ मध्ये कॉम्बिनेशन स्क्वेअरचे पेटंट घेतले. त्याचा गुण्या पट्टीवर हवा तिथे सरकवून घट्ट करता येतो. आयटीआयच्या कार्यशाळेत आजही तो तुमच्या हाती येतो.

मुलाम्याच्या पत्र्याने एक नवा नियम मात्र आणला. स्क्रायबरचा ओरखडा मुलामा फाडतो आणि तिथून गंज धरतो. कापायच्या रेघेला त्याने फरक पडत नाही, दुमडीच्या रेघेला पडतो. म्हणून ती पेन्सिलीने काढतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत हा प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण दुमडीवरचा ओरखडा पुढे तडा बनू शकतो. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये बंगळुरूत विमानाचा कारखाना निघाला. तिथे विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. अशा धातूच्या विमानांच्या कामात शिकाऊ कामगाराला स्क्रायबर कुठे चालवायचा याआधी तो कुठे चालवायचा नाही हे शिकावे लागते. पेन्सिलही तिथे चालत नाही. तिच्यातील ग्राफाइटमुळे ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून दुमडीची रेघ पुसता येणाऱ्या शाईच्या बारीक पेनने काढतात.