आफ्रिकेचा इतिहास व डॉ. डिके

इ. स. १९६३ मध्यें ऑक्सफर्डचे प्रख्यात इतिहासाध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनीं असें विधान केलें कीं, आफ्रिकेंत इतिहास आहे तो तेथें गेलेल्या युरोपियनांचा. बाकी सारा अंधार आहे. वक्ता नामांकित, म्हणून हें वाक्य सर्वत्र पसरलें. परंतु तत्पूर्वींच त्या खंडांतील एका संशोधकानें मोठें काम करून ठेविलें होतें.

केनेथ ओनवुका डिके यांचा जन्म नायजेरियांत १९१७ सालीं झाला. १९५० मध्यें त्यांस लंडन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत पडलेल्या जुन्या दप्तरांची पाहणी केली. तिचें फळ म्हणून १९५४ मध्यें सरकारी दप्तरखाना स्थापन झाला व त्याचे पहिले प्रमुख तेच झाले. नायगर नदीच्या मुखप्रदेशांतील व्यापार व राजकारण यांवरील त्यांचा ग्रंथ १९५६ सालचा. त्यांत ब्रिटिश कागदांच्या जोडीस त्यांनीं स्थानिक मौखिक परंपराहि साधन म्हणून घेतल्या, आणि तेथील राजे व व्यापारी स्वतःच्या धोरणानें चालत असत, असें दाखविलें. म्हणजे वरील विधानाचें उत्तर सात वर्षें आधींच छापून तयार होतें.

तरीहि हा विषय निघाला कीं प्रथम अध्यापकमहाशयांचें वाक्य पुढें येतें, मग तें खोडण्याकरितां कां होईना. डिके यांचें नांव क्वचित् निघतें. हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. वाळवीच्या तोंडून कागद सोडविण्यास किती श्रम पडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यानें साधनें राखलीं व वाचलीं, त्यास अग्रमान मिळावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.